लॉजिक आयसींसाठी एसओआयसी–टीएसएसओपी ॲडॉप्टर पट्टी: घ्यावी का, आणि कोणती घ्यावी

एका बाजूला एसओआयसी आणि दुसऱ्या बाजूला त्याहून बारीक पिनांचा टीएसएसओपी आयसी बसेल अशी (हे दोन्ही चिपांचे सरफेस माउंट आकार, म्हणजे छिद्रांत न जाता बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे) छोटी हिरवी ॲडॉप्टर पट्टी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत आणि ऑनलाइन दुकानांत सहज मिळते. तिच्यावर निर्मात्याचे नाव सहसा नसते. ७४ या आकड्याने नाव सुरू होणाऱ्या लॉजिक मालिकेतल्या आयसींसाठी मी ती नेहमी वापरतो आणि माझे मत असे आहे की एसओआयसीसाठी ही पट्टी निःशंकपणे घ्यावी, पण टीएसएसओपीसाठी ती भिंगाखाली पाहिल्याशिवाय घेऊ नये.

तिची गरज का पडते, हे थोडक्यात सांगतो. ७४एचसी मालिकेतले पुष्कळसे आयसी अजूनही जुन्या डिप आकारात (छिद्रांत शिरणाऱ्या लांब पायांच्या) मिळतात. परंतु ७४एयूपीसारखी कमी व्होल्टेजवर चालणारी नवी कुटुंबे केवळ सरफेस माउंट आकारातच येतात. ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता तारा खोचायच्या बोर्डच्या) आणि झिरो पीसीबीच्या (सोल्डर करायच्या कोऱ्या छिद्रांच्या बोर्डच्या) दोन छिद्रांमधले अंतर २.५४ मिमी असते, एसओआयसीच्या पिनांमधले त्याच्या बरोबर निम्मे म्हणजे १.२७ मिमी, तर टीएसएसओपीचे अवघे ०.६५ मिमी. ही पट्टी त्या जवळजवळच्या पिना २.५४ मिमी अंतरावरच्या छिद्रांपर्यंत नेते. आयसी उलटा चिकटवून प्रत्येक पिनेला बारीक तार जोडण्याचा मार्ग आहे, पण २० पिनांच्या ७४एलव्हीसी२४५ला तो वापरणे म्हणजे सगळी संध्याकाळ खर्ची घालणे होय.

एसओआयसीच्या बाजूबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. पॅड (पिना सोल्डर करायच्या धातूच्या जागा) पुरेसे लांब असल्यामुळे सोल्डरिंग गनचे टोक पिनेच्या पुढे टेकवता येते. पॅडांना आधी फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारा लेप) लावावा, कोपऱ्यातली एक पिन थोड्या सोल्डरने पकडून आयसी सरळ झाला आहे का ते पाहावे, मग समोरच्या कोपऱ्यातली पिन पक्की करावी आणि त्यानंतरच बाकीच्या पिना घ्याव्यात. शिसेयुक्त ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळते, त्यामुळे गनचे तापमान ३२० ते ३५० अंशांदरम्यान असले तरी काम नीट होते. हेडरच्या पिना (पट्टीच्या कडेच्या छिद्रांत लावून ब्रेडबोर्डमध्ये खोचायच्या) मात्र शेवटी लावाव्यात, कारण त्या आधी लावल्या तर पट्टी टेबलावर सपाट बसत नाही.

टीएसएसओपीच्या बाजूला पट्टीचा दर्जा खऱ्या अर्थाने कळतो. दोन पॅडांमधल्या अरुंद फटीत सोल्डर मास्कची (सोल्डर चिकटू न देणाऱ्या थराची) हिरवी रेघ असायला हवी. स्वस्त पट्ट्यांमध्ये ती अनेकदा नसते आणि मग सोल्डर एका पॅडवरून दुसऱ्यावर सहज पसरते. शिवाय पॅडांवर सोल्डरचा मुलामा असेल तर तो फुगीर असतो, त्यामुळे आयसी त्यावर स्थिर न राहता घसरतो. सोन्याचा मुलामा दिलेले पॅड सपाट असतात आणि आयसी त्यांवर ठेवल्या जागी राहतो. थोडे अधिक पैसे मोजावे लागले तरी या बाजूसाठी मी तशीच पट्टी घेतो. एवढे करूनही दोन पिना जुळल्याच तर फ्लक्स लावलेल्या तांब्याच्या सोल्डर विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या विणलेल्या तारेने) जादा सोल्डर ओढून घेता येते.

काम झाल्यावर मल्टिमीटरने तपासताना बहुतेक जण एक टोक पॅडवर आणि दुसरे हेडरच्या पिनेवर ठेवतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण आयसीची पिन सोल्डर झाली नसली तरी पॅड आणि हेडर जोडलेलेच असतात. टोक आयसीच्या पिनेच्या वरच्या वळणावर, अगदी हलक्या हाताने ठेवावे; जोर दिला तर सुटी पिनही पॅडला टेकते आणि जोड पक्का असल्याचा भास होतो. शेजारशेजारच्या पिना एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

छापलेल्या आकड्यांकडे विशेष लक्ष द्यायला हवे. १६ पिनांची पट्टी उभ्या अक्षाभोवती उलटली की एका बाजूचे १ क्रमांकाचे छिद्र दुसऱ्या बाजूला १६ क्रमांकाचे होते, म्हणून आयसी ज्या बाजूला बसवला आहे त्याच बाजूचे आकडे वाचावेत. १४ पिनांचा ७४एचसी००सारखा आयसी १६ पिनांच्या पट्टीवर वरच्या कडेला लावून बसवला, तर डावीकडचे आकडे जुळतात, मात्र उजवीकडची ८ क्रमांकाची पिन १० वर आणि १४ क्रमांकाची, म्हणजेच पुरवठ्याची पिन, १६ वर जाते.

या पट्टीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे डीकपलिंग कपॅसिटरसाठी (आयसीला जवळूनच क्षणिक प्रवाह पुरवणाऱ्या कपॅसिटरसाठी) तिच्यावर जागाच नसते. ७४एलव्हीसीसारख्या वेगवान आयसींचे आउटपुट फार झपाट्याने बदलते. त्या क्षणी लागणारा प्रवाह लांब वाटेने आला, तर पुरवठा आणि ग्राउंड दोन्ही डळमळतात आणि शेजारच्या आउटपुटवर नको ते स्पंद उमटतात. पुरवठ्याची आणि ग्राउंडची पिन तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत असल्यामुळे हेडरपाशी लावलेला कपॅसिटर बराच दूर पडतो. मी ०८०५ या छोट्या सरफेस माउंट आकाराचा १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आयसीच्या पाठीवर ठेवून एनॅमल तारेच्या दोन आखूड तुकड्यांनी थेट त्या दोन पिनांना जोडतो. उपाय उत्तम चालतो. पण दोन पॅडांची सोय पट्टीवरच करणे निर्मात्याला मुळीच अवघड नव्हते, आणि ती नसणे मला खटकते.

ब्रेडबोर्डवर आणखी एक गैरसोय होते. माझ्याकडच्या २० पिनांच्या पट्टीच्या दोन ओळींत १५.२४ मिमी अंतर आहे, त्यामुळे तारा जोडायला एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीनच छिद्रे उघडी राहतात. झिरो पीसीबीवर हा प्रश्न उद्भवत नाही. चौकोनी हेडर पिनांनी ब्रेडबोर्डच्या स्प्रिंगा सैल पडतात, तेव्हा शक्य असेल तिथे गोल पिनांचे हेडर लावावेत.

७४एलव्हीसी१जी१४सारख्या एकाच गेटच्या आयसीसाठी मोठी पट्टी वाया घालवू नये. त्यासाठी एसओटी-२३ या छोट्या आकाराची सहा छिद्रांची पट्टी वेगळी मिळते. ती इतकी लहान असते की ३ क्रमांकाच्या ग्राउंड पिनेपासून ५ क्रमांकाच्या पुरवठ्याच्या पिनेपर्यंत साधा, पायांचा कपॅसिटर शेजारच्या छिद्रांत लावला तरी पुरतो.