वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली ८२,१०० रुपये पाण्यात

आधी आकडे सांगतो, म्हणजे कुणी "थोडक्यात निभावलं" म्हणायला नको. ॲडव्हान्स ३१,९८०, यूपीआयने. ग्राउटिंगचे, म्हणजे स्लॅबला भोकं पाडून आत पातळ सिमेंट भरण्याचे, २८,८०० रोख. काम संपल्यावर उरलेले २१,३२०, तेही रोख. एकूण ८२,१००. पोरांना चहापाण्याला दिलेले ५०० यात धरलेले नाहीत, पण खरं सांगायचं तर तेच आठवले की सगळ्यात जास्त चीड येते.

नाशिकला आमचं रो-हाऊस आहे. गच्ची ८२० स्क्वेअर फूट, वरच्या बेडरूमच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात ओल. मे महिन्यात ही वॉटरप्रूफिंगवाली मंडळी आली. शेजारच्या गल्लीत काम चालू आहे, दोन गच्च्या झाल्या, माल उरलाय, तुम्हाला रेट कमी लावतो. पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. मलाही ठाऊक होतं. पण छपाई केलेला शर्ट, लेटरहेड, १० वर्षांची वॉरंटी आणि हातात ते ओल मोजायचं मीटर. भिंतीला दोन टोकं टेकवली की कुंई करून ओरडणारं. लोणा लागलेल्या भिंतीवर ते मीटर कोरड्या उन्हाळ्यातही ओरडतं, क्षारांमुळे. वीज किती वाहते यावर ते ओल ठरवतं, बिचाऱ्याला पाणी आणि मीठ यातला फरक कळत नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी बायको घाबरली आणि मी मान डोलावली.

६५ रुपये फुटाने ५३,३०० ठरले. मी बिल मागितलं होतं, हे नोंदवून ठेवा. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "काका, पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर लागतील." एकूण ८२,१०० वरचे १४,७७८ रुपये मी वाचवले! आज तोच कागद सगळे मागतायत. लेटरहेडवर जीएसटी नंबर मात्र ऐटीत छापलेला होता. हा नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने होते, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. त्याचा नंबर तिथे सापडतच नाही. आणि यूपीआय करताना स्क्रीनवर आलेलं नाव कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हतं. "मिसेसचं खातं आहे" म्हणाला. आजकाल अर्धे दुकानदार हेच सांगतात, मी काय संशय घेणार?

दुसऱ्या दिवशी हातोडी ठोकत फिरला आणि म्हणाला, स्लॅब पोकळ आहे, ग्राउटिंगशिवाय केमिकल टिकणार नाही. नोझलला, म्हणजे भोकात बसवायच्या छोट्या नळीला, ४५० रुपये. ६४ नोझल लावले. नोझलवर दर म्हणजे मीटर चालू ठेवून उभी केलेली रिक्षा. भोक पाडताना समोर उभे राहा, प्रत्येकावर खडूने नंबर टाकून फोटो काढा. नाहीतर करूच नका.

आता बादल्यांचं. यावर माझी झोप उडते.

नामांकित कंपनीच्या २० लिटरच्या बादल्या. त्यातला विशीतला एक पोरगा खालून दोन बादल्या एकाच हातात घेऊन जिना चढला, दुसऱ्या हातात मोबाईल. गच्चीवर आला तेव्हा धापसुद्धा लागली नव्हती. मी तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आयुष्य काढलंय. भरलेली २० लिटरची बादली म्हणजे वीस किलोच्या वरच, हे मला झोपेतही सांगता येईल. दोन म्हणजे चाळीस. एका हातात! मी ते पाहिलं आणि मनात काय आलं? "पोरगं दणकट आहे." बादल्यांची झाकणं आधीच फोडलेली, आत तळाला पांढरं काहीतरी, त्यात गच्चीवरच्या नळाचं पाणी. मी विचारलंही, तर म्हणे पहिला हात पातळच लागतो. प्रायमर पातळ असतोच, त्यामुळे पटलं. माझ्या जागी कुणालाही पटलं असतं. तरी तो जिना डोळ्यांसमोरून जात नाही.

सील तुमच्यासमोर तुटलं पाहिजे. एक लिटर किती फुटांना पुरतो ते बादलीवरच छापलेलं असतं, त्यावरून किती बादल्या लागतील ते आधीच काढा आणि रिकाम्या बादल्या ताब्यात ठेवा, नाहीतर पुढच्या घरी त्याच जातील.

पहिल्या मोठ्या पावसात कोपरा पूर्वीसारखाच गळला. तोवर फोन बंद. आमच्या ओळखीच्या गवंड्याने एक नोझल उचकटलं तर मागे भोकच नाही, बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा सिमेंटने चिकटवलेला. स्लॅब ठणठणीत होता. गळती होती पावसाळी पाईपच्या तोंडाशी आणि कठड्याच्या बुडाला मारलेल्या वाट्याला, म्हणजे कोपऱ्यातल्या सिमेंटच्या गोलाईला, गेलेल्या चिरेतून. पाऊस उघडल्यावर त्याने दोन्ही फोडून नव्याने भरलं, पाईपचं तोंड गोणपाटाने बांधून गच्चीत ४८ तास पाणी साठवून दाखवलं, मग पैसे घेतले. ३,२०० रुपये. ही पाण्याची परीक्षा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही.

पोलीस स्टेशनला गेलो. साहेबांनी अर्ज वाचून पहिली चूक काढली ती कलमाची. मी ४२० लिहिलं होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं ३१८ झालंय. मी तिथल्या तिथे खोडून ३१८ केलं. मग म्हणाले, "पण त्यांनी काम केलंय ना? मग हा सिव्हिल मॅटर." म्हणजे चोराने जाताना अंगण झाडलं तर चोरी माफ? नोझल टेबलावर ठेवला, तर म्हणे हे इथे ठेवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, तर पैसे समोरासमोर दिलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. बँक म्हणाली पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले खातेदाराची माहिती बँकेकडे असते. बादलीवरच्या कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की तो आमचा अधिकृत ॲप्लिकेटर नाही, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. गैरसोय! १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून नंबर मिळाला. तेवढाच मिळाला.

जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. सगळं छान आहे, फक्त समोरच्याचा पत्ता लागतो. लेटरहेडवरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली. त्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे, मी स्वतः बघून आलो. दुकानदार म्हणाला, असले कागद घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे निळ्या अक्षरांचं, १० वर्षांच्या वॉरंटीचं आणि वर छत्रीचं चित्र असलेलं लेटरहेड असेल, त्यांनी लाजून गप्प बसू नका. त्यांचा गाडी नंबर, दुसरा मोबाईल, पैसे गेलेल्या खात्याचं नाव, जे असेल ते जपून ठेवा आणि आपापल्या हद्दीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एकट्याच्या अर्जाला सिव्हिल म्हणून परत पाठवता येतं. दहा जणांचे एकाच नावाविरुद्ध आले तर साहेबांना दुसरं काहीतरी शोधावं लागेल.