गोष्टीत घोळलेली माहिती की सरळ माहिती? पहिली-दुसरीसाठी काय निवडाल

पहिली-दुसरीच्या वर्गात माहितीपर पुस्तकं आणायची ठरली की आधी प्रकार ठरवावा लागतो. एक प्रकार गोष्टीत घोळलेल्या माहितीचा: बोलणारं गांडूळ, त्याची आई, आणि जाता जाता दोन-चार खऱ्या गोष्टी. दुसरा सरळ माहितीचा: फोटो, नावं दिलेली आकृती, खाली चार वाक्यं. बहुतेक शिक्षक पहिल्याकडे वळतात, कारण ‘एवढ्याशा मुलांना गोष्टच लागते’ हे आपण धरूनच चालतो. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

एकच मुद्दा दोन्ही प्रकारांत कसा येतो ते पाहा. गोष्टीत: “आई, मी उन्हात खेळायला जाऊ?” गंपू गांडूळ म्हणाला. “नको रे बाळा, कातडी वाळली तर श्वास कसा घेशील?” सरळ पुस्तकात: “गांडुळाला नाक नसतं. ते कातडीतून श्वास घेतं. कातडी ओली राहिली तरच हे जमतं. म्हणून गांडूळ ओलसर मातीत राहतं.”

पहिल्याला वर्ग लगेच हसतो, कान देतो. हा फायदा छोटा नाही, विशेषतः जिथे मुलांना बसून ऐकायचीच सवय लागायची आहे तिथे. पण नंतर ‘काय कळलं?’ विचारलं की गंपू रुसला, आई रागावली, हेच बाहेर येतं. त्यात एखादं चलाख मूल विचारतं, गांडूळ बोलतं हे खोटं, मग कातडीतून श्वास घेतं हेही खोटंच ना? प्रश्न अगदी रास्त आहे. खरं-खोटं वेगळं करायला जे आधी माहीत असावं लागतं, तेच तर आपण शिकवायला निघालेलो असतो.

हा नुसता माझा ग्रह नाही. पॅट्रिशिया गानेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली होती. प्राणी माणसासारखे बोलतात-वागतात अशा भाषेतलं पुस्तक ऐकलेली मुलं खऱ्या प्राण्यांनाही माणसासारखे गुण चिकटवू लागली. आणि ‘लहान मुलांना गोष्टच लागते’ या समजाला तर क्रिस्टीन पॅपस यांनी 1993 मध्येच धक्का दिला होता. त्यांनी बालवाडीतल्या मुलांना गोष्टीची आणि माहितीची, दोन्ही पुस्तकं ऐकवली आणि मग ‘आता तुम्ही वाचून दाखवा’ म्हटलं. अक्षरं न येणाऱ्या त्या मुलांनी माहितीचं पुस्तकही गोष्टीइतक्याच सफाईने, त्याच्याच भाषेत ‘वाचलं’. अडचण बहुधा मुलांना संधीच न मिळण्याची असते. नेल ड्यूक यांनी अमेरिकेतले पहिलीचे 20 वर्ग पाहिले. त्यांच्या 2000 सालच्या अहवालानुसार माहितीपर मजकुराच्या वाट्याला तिथे दिवसाला सरासरी 3.6 मिनिटं येत होती.

सरळ माहितीचा खरा नफा प्रश्नांत दिसतो. गांडुळाची ती चार वाक्यं वाचून थांबलात की सुरू होतं: तोंड कुठल्या बाजूला? डोळे? (नसतात, पण उजेड-अंधार कातडीला कळतो.) मग पाऊस पडल्यावर वर का येतात? या शेवटच्यावर शास्त्रज्ञांचंही अजून पूर्ण एकमत नाही, आणि ते मुलांना तसंच सांगून टाकावं. ‘मोठ्यांनाही अजून नक्की कळलेलं नाही’ हे ऐकून वर्गाचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दोन्ही प्रकार वाचायची रीतही वेगळी. गोष्ट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत न्यावी लागते. माहितीचं पुस्तक तसं वाचलंत तर चौथ्या पानावर वर्ग चुळबुळायला लागणारच. अनुक्रमणिका मोठ्याने वाचा, कुठलं पान उघडायचं ते मुलांना ठरवू द्या, एक-दोन पानं वाचा, आकृतीतल्या बाणांवर बोट ठेवून नावं वाचा आणि मिटा. पाच-सात मिनिटं पुष्कळ झाली. मात्र तयारी जास्त लागते. गोष्ट आयत्या वेळी उचलून रंगवता येते, हे पुस्तक आदल्या दिवशी वाचून ठेवावं लागतं.

डोना ओगल यांचा 1986 चा तीन रकान्यांचा तक्ता (काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, काय कळलं) इथे बरेच जण वापरतात. लहान वर्गात पहिला रकाना जपून वापरा. ‘गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात’ असं कोणीतरी सांगतंच, आणि एकदा फळ्यावर लिहिलं गेलं की ते खरंच ठरतं. मी रकान्याला ‘आम्हाला वाटतं’ असं नाव देते. पुस्तक वाचून झालं की चुकीचं मुलांनाच खोडू देते.

गोष्टीचं पारडं जड होतं ते क्रम दाखवायचा असेल तेव्हा: अंड्यापासून बेडकापर्यंत, बीपासून रोपापर्यंत. तिथेही बोलका बेडूक हवाच असं नाही. ‘चिमणीचा एक दिवस’ सांगताना चिमणी फक्त चिमणीसारखी वागली तर तीही गोष्टच होते. हा मधला प्रकार मिळाला तर डोळे झाकून घ्या. बोलक्या प्राण्यांची पुस्तकं टाकून द्यायची गरज नाही, ती गोष्टींच्या कप्प्यात ठेवा.

भित्तिचित्रं आणि व्हिडिओ यांत मी फार अडकत नाही. जोड म्हणून ठीक, पण व्हिडिओ मुलाच्या वेगाने थांबत नाही आणि भित्तिचित्राकडे आठवड्याने कोणी बघत नाही.

सरळ माहितीचं म्हणून कुठलंही पुस्तक चालेल असं मात्र नाही. ‘गांडूळ त्वचेद्वारे श्वसन करते’ असं लिहिलेलं पुस्तक मी परत ठेवते. नवी संज्ञा एका पानावर एखादी असावी, आणि ती समजावणारी भाषा बोलण्यातली असावी. चित्र आणि त्याखालची ओळ एकमेकांशी जुळतात का बघा. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला पानावरून तेवढंच मिळणार असतं. उलट नुकतं वाचू लागलेल्या मुलाला अशी पुस्तकं सोपीही जातात, कारण वाक्यांचा साचा तोच राहतो: मुंगीला सहा पाय असतात, कोळ्याला आठ पाय असतात.

प्रकाशनाचं सालही बघून घ्या. 2006 मध्ये प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळलं, त्याआधीच्या पुस्तकांत नऊ ग्रह सापडतात. असं जुनं पुस्तक हाताशी असेल तर रद्दीत घालू नका. नव्याशेजारी ठेवा आणि दुसरीच्या मुलांना दोन्हींतले ग्रह मोजायला लावा.