पावनखिंड डायोरामा सेट: दिवाळीत घेतला, पावसाळ्यात दांडपट्टा गळून पडला

बाजीप्रभूंचा उजवा हात मनगटातून तुटला. फिगर कुणी हाताळत नव्हतं. काचेच्या कपाटात दिवाळीपासून एकाच पोजमध्ये उभी होती. सकाळी बघतो तर पट्टा खालच्या दगडांत पडलेला आणि मनगटाच्या जागी पेगचं, म्हणजे हात जोडणाऱ्या बारीक खुंटीचं, नुसतं खुंट. तेव्हापासून कंपनीशी जे चाललंय त्यामुळे हे लिहायला बसलो, पण निव्वळ तक्रार करायची म्हणून नाही. हा सेट मला मनापासून आवडतो, म्हणूनच त्या एका पेगचा एवढा राग येतो.

ज्यांनी बुकिंग केलं होतं त्यांना सेट माहीत आहे: एकास बारा स्केल, पाच फिगर, दोन तुकड्यांत जुळणारी रेझिनची खिंड, खाली एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) पाट, मागे पितळी पट्टीवर नंबर. पुन्हा निघणार नाही असं सांगून विकलेली आवृत्ती. किंमत साडेअठरा हजार. दिवाळीचा बोनस जवळजवळ पूर्ण त्यात गेला आणि घरी त्याचा जाब द्यावा लागला. एवढे पैसे मोजले की माणूस वस्तू भिंग घेऊन बघतो, तसं मी बघितलं.

आधी पेग. जाडी दोन मिलिमीटर, माल पीव्हीसी. पेग जिथे गोल चकतीला मिळतो तिथला आतला कोपरा थेट काटकोनात आहे, रेडियस, म्हणजे गोलाई, नावालाही नाही. मी शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीच्या पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवतात तिथे, काम करतो. आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला सुरुवातीलाच शिकवतात की आतला कोपरा धारदार ठेवला की ताण तिथेच गोळा होतो आणि कास्टिंग तिथेच तडकतं, म्हणून प्रत्येक आतल्या कोपऱ्याला फिलेट, म्हणजे गोलाई, द्यायचा. लोखंडाला जे लागतं ते प्लॅस्टिकला लागणार नाही असं थोडंच आहे? त्यात पट्ट्याचं पातं धातूचं. खऱ्या पट्ट्याचं पातं साधारण मीटरभर धरलं तर या स्केलला ते आठ सेंटिमीटरच्या वर जातं. हात आडवा पसरलेला, त्यामुळे त्या लांब पात्याचा सगळा भार रात्रंदिवस दोन मिलिमीटरच्या पेगवर. सततच्या वजनाखाली प्लॅस्टिक हळूहळू ताणलं जातं, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात पीव्हीसी आणखी मऊ पडतं. माझ्या तुटलेल्या पेगच्या वरच्या अंगाला केसाएवढी पांढरी रेघ आहे. ती तुटण्याच्या बऱ्याच आधी उमटते. तुमच्याकडे हा सेट असेल तर आजच पट्टा उतरवा, मनगट थोडं फिरवा आणि फटीतून टॉर्च मारा. रेघ दिसली तर पट्टा परत चढवू नका, पाटावर आडवा ठेवा.

आता माझा खरा मुद्दा. तिथे जॉइंट हवाच कशाला? पट्टा तलवारीसारखा धरत नाहीत. आत आडवी मूठ असते आणि तिच्यावर कोपराच्या जवळपास हात झाकणारा लोखंडी खोबळा. हात एकदा आत गेला की मनगट वाकत नाही, वाकूच शकत नाही. वार खांद्यातून आणि कोपरातून येतो, पट्टेकरी अख्खं अंग फिरवतो. या सेटमध्ये खोबळाच मनगटावर दोन तुकड्यांत कापलाय, का तर तिथे जॉइंट बसवता यावा म्हणून. म्हणजे लोखंडी खोबळा मनगटात डावी-उजवीकडे वळतो! जाहिरातीत जॉइंटचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलाय, तो एकाने वाढावा एवढंच कारण मला दिसतं.

कोल्हापुरात पट्टा बघायला म्युझियम गाठावं लागत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळाची पथकं असतात, जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने कापणारी पोरं-पोरी असतात. त्यांचं मनगट बघा, खोबळ्याच्या आत काहीच हलत नाही. सेट आला तेव्हाच आमच्या पेठेतल्या वस्तादांना मी फिगरचा फोटो दाखवला होता. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि विचारलं, "खोबळा मोडलाय काय रं ह्याचा?" त्या वेळी तो तुटलेलाही नव्हता.

ज्याने ही फिगर डिझाइन केली त्याने एक संध्याकाळ एखाद्या आखाड्यात घालवली असती तर खोबळा, मूठ आणि पातं एकसंध ओतलं असतं, जॉइंट कोपरात दिला असता. फिगर खरी दिसली असती, मजबूत झाली असती आणि एक सुटा भाग कमी होऊन साचाही स्वस्तात पडला असता. आमच्या गंगावेशीतल्या, शाहूपुरीतल्या, बापट कॅम्पमधल्या कुंभारांकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायला मावळे मिळतात. हात, मूठ, तलवार सगळं एका साच्यातून काढलेलं. तलवारीचं टोक झडतं, रंग उडतो, पण मनगट सहसा तुटत नाही, कारण तिथे जाडी ठेवलेली असते. कुठे भार येतो हे त्या कुंभाराला कळतं.

कंपनीचं नाव इथे घेत नाही. फोनवर पहिल्यांदा अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. इतक्या महिन्यांनी! तो मी दिला, माझ्याकडे होता. मग म्हणाले, हा डिस्प्ले पीस आहे, खेळणं नाही, त्यामुळे जॉइंटवर वॉरंटी नाही. मी म्हटलं, साहेब, डिस्प्लेला उभा ठेवला म्हणूनच तर तुटला, पोरांच्या हातात दिला असता तर वेगळी गोष्ट. त्यावर उत्तर आलं की पूर्ण सेट मूळ बॉक्समध्ये भरून स्वतःच्या खर्चाने तपासणीला पाठवा. रेझिनची खिंड चांगली जड आहे, कुरिअरवाल्याने सांगितलेला आकडा ऐकूनच मी परत आलो. आणि वाटेत खिंडीचा कोपरा उडाला तर तो कुणाच्या नावावर? फक्त उजवा हात विकत द्या म्हटलं, तर मर्यादित आवृत्तीचे सुटे भाग ठेवत नाही म्हणाले. मर्यादित आवृत्ती म्हणून जास्त पैसे घ्यायचे आणि मर्यादित आवृत्ती म्हणूनच पार्ट द्यायचा नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही.

आता खिंड, आणि इथे माझं मत पार बदललंय. सेट उघडला तेव्हा खडकाची चकाकी मला खटकली होती. काळ्या खडकावर वार्निश ओतल्यासारखा तकतकीतपणा, स्वस्त वाटायचा. मॅट लॅकर मारायचं जवळजवळ ठरलं होतं. मग जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला गेलो. मसाई पठारावर धुकं, पुढे चिखल, पांढरपाणी ओलांडून खिंडीत उतरलो तेव्हा लोखंडी शिडीवरून पाय खाली ठेवताना पहिल्यांदा तो कातळ जवळून आणि ओला बघितला. आधी मी खिंड बघितली होती ती कोरड्या दिवसांत. पावसात तो बेसॉल्ट अक्षरशः चमकतो, आणि सगळीकडे सारखा चमकत नाही. पाणी जिथून वाहतं त्या पट्ट्यात चकाकी, शेवाळ धरलेल्या भागात मिणमिणीत, कपारीच्या आत कोरडा करडा. घरी येऊन सेट पुन्हा बघितला तर चकाकी नेमकी तशीच वाटून दिलेली आहे. प्रवाहाच्या रेघेत ग्लॉस, शेवाळावर मॅट. १६६० साली १२ जुलैच्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निघाले आणि दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, लढाई झाली, म्हणजे ऐन पावसाळ्यातच. सिद्दी मसूदची माणसं मागावर आणि पायाखाली हा निसरडा कातळ. रंगकाम करणाऱ्याने भर पावसातली खिंड डोळ्यांनी बघितलेली असणार, नाहीतर हे असं जमत नाही. लॅकर मारलं नाही हे फार बरं झालं.

धोतरंसुद्धा बघा. प्रत्येक फिगरचं धोतर खालून गुडघ्यापर्यंत गडद रंगवलंय, भिजल्यासारखं. बांदल मावळ्यांपैकी जो मागे उभा आहे त्याचं मांडीपर्यंत गडद आहे, कारण तो प्रवाहाच्या मधोमध आहे. पाठीवर चिखलाचे शिंतोडे आहेत आणि ते खालून वर उडालेले आहेत, म्हणजे रात्रभर धावत आलेल्या माणसाच्या पाठीवर उडतात तसे. कपाटात ठेवल्यावर पाठ कुणाला दिसणार? तरी केलंय. या कामाला मी हात जोडतो.

चेहरे चांगले आहेत, दोघा मावळ्यांचे एकाच साच्यातले वाटत नाहीत. तळपायातले चुंबक पक्के आहेत, उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढले, एकही फिगर सरकली नाही. कापडी कपड्यांना आतून तार आहे, ती जपून वाकवा, एवढंच.

एमडीएफचा पाट मात्र कोल्हापूरच्या पावसासाठी नाही. वरून लॅमिनेट आहे, पण चारही कडा उघड्या. जुलैच्या दमटपणात मागची कड फुगली आणि खिंडीच्या दोन तुकड्यांमध्ये नख जाईल एवढी फट पडली. आता कडा सुकवून, घासून वार्निशचे दोन हात दिलेत, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात. नवीन घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं. एमडीएफऐवजी मरीन प्लाय दिला असता तर खर्च फार वाढला नसता. २०१९ आणि २०२१चा महापूर बघितलेल्या गावात लोक बॉक्स माळ्यावर ठेवतात, तसा याचाही बॉक्स मी माळ्यावरच ठेवलाय, पण दमट हवा माळ्यावरही पोचते.

हात शेवटी उद्यमनगरात दुरुस्त झाला. ओळखीचे एक टर्नर मामा आहेत, आमच्या पॅटर्नच्या पितळी बुशा तेच करतात. त्यांच्यापुढे हात आणि पट्टा ठेवला.

"मामा, एवढा बारीक पेग होईल काय?"

"बारीक होतंय की. पर ह्याला फिरायला कशाला पायजे? पट्टा हाय न्हवं? घट्ट बसवूया सरळ."

वस्ताद जे बोलले तेच लेथवरचा माणूस बोलला. पितळी सळईची पिन केली, बुडाशी बारीकसा रेडियस ठेवला, दोन्ही बाजूंना भोक पाडून अरल्डाइटने बसवली. फट मी इपॉक्सी पुट्टीने भरली, घासली, लोखंडी रंग दिला. खोबळा आता एकसंध दिसतो आणि पट्टा कोपरापासून सरळ रेषेत येतो. मामांनी दीडशे रुपये घेतले. फिगर पहिल्यापेक्षा चांगली दिसते, हे दुरुस्तीच्या आनंदात म्हणत नाही. वस्तादांना परत फोटो दाखवला, त्यांनी नुसती मान हलवली आणि फोटो पोरांना दाखवायला स्वतःच्या फोनवर मागून घेतला.

अपडेट: वरचं सगळं लिहून ठेवल्यावर कंपनीकडून पाकीट आलं. आत उजवा हात, नवा कोरा, सोबत चिठ्ठी नाही. सुटे भाग ठेवत नाही म्हणणाऱ्यांनी पाठवला याचं मला बरं वाटलं, आणि तसं त्यांना कळवलंही. मग जाडी मोजायला व्हर्निअर लावला. पेग तोच, दोन मिलिमीटर, कोपरा तसाच काटकोनात. हा बसवला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच. मी त्यांना हाताने काढलेलं स्केच पाठवलंय: खोबळा एकसंध, जॉइंट कोपरात, आणि जिथे पेग ठेवायचाच आहे तिथे अर्ध्या मिलिमीटरचा रेडियस. साच्यात बदल करायचा तर ठिणगीने साचा कोरणाऱ्या इलेक्ट्रोडला तेवढी गोलाई द्यायची, टूलरूमला ते अवघड नाही. डिझाइन टीमकडे पाठवतो असं उत्तर आलंय.

घ्यावा का? जुन्या बाजारात हा सेट आता मूळ किमतीच्या वर विकायला ठेवलेला दिसतो. त्या भावाने घेऊ नका. मूळ किमतीत किंवा खाली मिळाला तर खिंडीसाठी जरूर घ्या. पण पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याकडून उजव्या मनगटाचा, पट्टा उतरवलेला, जवळून काढलेला फोटो मागा, आणि पाटाच्या मागच्या कडेचाही. पांढरी रेघ असेल तर किमतीतून दोन हजार कमी करायला सांगा. पिन बसवून घ्यायला उद्यमनगर आहेच, बाहेरगावच्यांनी कुठल्याही चांगल्या टर्नरला दाखवावं. कंपनीने पुढचा सेट जाहीर केलाय. त्यातल्या पट्ट्याचा खोबळा एकसंध आहे का, एवढंच मी बुकिंगच्या आधी विचारणार आहे. उत्तर हो आलं तर पहिल्या दिवशी पैसे भरीन.