गोव्याची हिमालयन, पांढरी नंबर प्लेट आणि माझे १,४८,५०० रुपये

दुसऱ्या राज्यातली सेकंडहँड हिमालयन किंवा एक्सपल्स यांसारखी ऑफरोड बाईक घ्यायच्या विचारात असाल, त्यातही गोवा किंवा मनालीकडची, तर टोकन द्यायच्या आधी हे वाचा. माझे पैसे गेलेत, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे आणि ती मला रस्त्यावर काढता येत नाही. एवढं सगळं होऊन ज्याने फसवलं तो माणूस आजही धंदा करतोय म्हणून लिहितोय.

मी घोडबंदर रोडला राहतो, गाव मुरबाडच्या पुढे आत. शेवटचा चार-पाच किलोमीटरचा रस्ता पावसाळ्यात नावालाच उरतो, त्यामुळे हिमालयनच पाहिजे होती. पुढचं २१ इंची चाक, उंच सस्पेन्शन, हायवेला पण चालते आणि दगडधोंड्यात पण. नवीन हिमालयन ४५० ऑनरोड तीन लाखाच्या वर जाते, ती झेपणार नव्हती. जुन्या ४११ सीसी मॉडेलच्या ठाण्यात ज्या गाड्या बघितल्या त्या एक तर आपटलेल्या नाहीतर दीड लाखाच्या खाली कोणी यायला तयार नाही. मग भिवंडी बायपासजवळ एक गाळा कळला, बाहेरच्या राज्यातल्या गाड्या आणून विकतात. नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे.

गाडी २०१८ ची, बीएस फोर, गोवा पासिंग. किंमत ठरली १,१८,०००. त्यातले ५,००० टोकन यूपीआयने, ५३,००० यूपीआयने आणि ६०,००० रोख, रोख का तर म्हणे गोव्याच्या मालकाला रोखच पाहिजेत. वर १६,५०० चं 'पेपर पॅकेज', म्हणजे एनओसी (मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र), ट्रान्सफर, एमएच नंबर, टॅक्स, सगळं त्यात. शब्द होते, "साहेब, तुम्ही फक्त सही करा, महिन्याभरात एमएच नंबर लावून देतो, आपली माणसं आहेत आत." ही 'आपली माणसं' तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत, प्रत्येक आरटीओच्या बाहेर चहाच्या टपरीवर फाईल घेऊन उभी असतात.

इथेच हिशोब केला असता तर कळलं असतं असं आता लोक सांगतात. महाराष्ट्रात ३०० सीसीच्या वरच्या बाईकला एकरकमी टॅक्सचा स्लॅब १२ टक्के आहे, तो मूळ किमतीवर धरतात आणि गाडी जुनी असेल तर वयाप्रमाणे कमी होतो. म्हणजे १६,५०० मध्ये टॅक्स, फी आणि एजंटचं कमिशन सगळं बसवणारा माणूस एक तर स्वतःच्या खिशातून घालतोय किंवा टॅक्स भरणारच नाहीये. पण हे मला कोण सांगणार होतं? सरकारी साइटवर टॅक्स काढायला गेलात तर आधी गाडी सिस्टीमला यावी लागते, आणि ती येते एनओसीनंतर. साधा माणूस विचारणार कोणाला, एजंटलाच ना?

आता तो क्षण, जो रोज डोक्यात फिरतो. गाळ्यातच उभा राहून मी एमपरिवहनवर, म्हणजे गाडीची माहिती दाखवणाऱ्या सरकारी अॅपवर, नंबर टाकला होता. म्हणजे मी तपासलं नाही असं कोणी म्हणू नका, तपासलं होतं. नेटवर्क रडत होतं, पान अर्धं उघडलं. मालकाचं नाव अॅपवर चांदण्या टाकूनच दाखवतात, इन्शुरन्स चालू दिसला, मॉडेल बरोबर, रंग बरोबर. खाली फिटनेसची तारीख होती आणि ती जवळची होती, काही महिन्यांतच संपणारी. २०१८ ची प्रायव्हेट बाईक म्हणजे रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, फिटनेसची तारीख सरळ २०३३ ची दिसायला पाहिजे. दर दोन वर्षांनी फिटनेस काढावं लागतं ते ट्रान्सपोर्टच्या, म्हणजे धंद्याला लावलेल्या गाडीला. मी विचारलं सुद्धा, "ही तारीख अशी का?" तो हसून म्हणाला, "गोव्याचं तसंच असतं, ट्रान्सफरला नवीन पडते." इतक्या सहज बोलला की पुढे विचारायला काही राहिलंच नाही. आणि क्लासची ओळ, म्हणजे गाडी कुठल्या प्रकारची ते सांगणारी, जिथे खरं काय ते लिहिलेलं होतं, ती ओळ त्या दिवशी लोडच झाली नाही. दोन मिनिटं बाहेर रस्त्यावर जाऊन पुन्हा उघडलं असतं तर १,४८,५०० वाचले असते.

दुसरी गोष्ट नंबर प्लेट. मागच्या प्लेटच्या डाव्या स्क्रूभोवती काळी बारीक कडा होती, वॉशरच्या खालून डोकावणारी. मला वाटलं ग्रीस असेल. ऑफरोड चालवलेली गाडी, कुठेतरी काळं लागलेलं असणारच, कोणालाही तेच वाटलं असतं.

गाडी घरी आणली. चेनसेट आणि हँडलचा कोनसेट बदलला, त्याचे ७,३५० वेगळे, ते मी फसवणुकीत धरलेले नाहीत. एनओसीची वाट बघितली. मग व्हॉट्सअॅपवर एनओसीचं पीडीएफ आलं, फॉर्म २८, वर शिक्का, खाली सही, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. ते घेऊन मी स्वतः आरटीओत गेलो, रजा टाकून. खिडकीवरच्या बाईंनी नंबर टाकला आणि मान वर न करता सांगितलं, "एनओसी सिस्टीमला दिसत नाही." म्हटलं मॅडम हे बघा कागद आहे. "कागद असू दे, वाहनवर नाही म्हणजे नाही." वाहन म्हणजे आरटीओची गाड्यांच्या नोंदींची कॉम्प्युटर सिस्टीम. मग ही खोटी आहे का, विचारलं. "ते आम्ही कसं सांगणार, गोव्याला विचारा." पुढचा नंबर. बस.

मला एकच म्हणायचंय. तुमच्यासमोर एक माणूस खोटं सरकारी कागदपत्र घेऊन उभा आहे, स्वतः विचारतोय की हे खोटं आहे का, आणि तुम्हाला ते ठेवून घ्यावंसं, कुठे कळवावंसं, निदान लिहून द्यावंसंही वाटत नाही? मी साहेबांच्या केबिनबाहेर बसलो, साहेब मीटिंगला. पुन्हा गेलो तर साहेब फिटनेस ग्राउंडवर. लेखी अर्ज दिला तर आवकचा शिक्का मारून द्यायला सुद्धा तयार नाहीत, म्हणे ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकला तर उत्तर काय, संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा. अहो, संबंधित कार्यालय तुम्हीच आहात.

डीलरला फोन केला तर त्याच्याकडे उत्तर तयार, "बॅकलॉग असतो साहेब, अपलोड करून घेतो, ४,२०० लागतील." दिले. आता कोणी विचारेल का दिले. अहो, १,३४,५०० आधीच अडकलेले असताना ४,२०० साठी माणूस भांडत बसत नाही, आणि त्यांना हे पक्कं माहीत असतं म्हणूनच ते रक्कम छोटी ठेवतात.

खरं बाहेर आलं ते एका ट्रॅफिक हवालदारामुळे. घोडबंदरला नाकाबंदीत त्यांनी मशीनमध्ये नंबर टाकला, एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा प्लेटकडे. म्हणाले, "दादा, ही भाड्याची गाडी आहे. पांढरी पाटी कशी लावली?" क्लास होता मोटरसायकल-युज्ड फॉर हायर. म्हणजे गोव्यात टुरिस्टना दिवसाच्या भाड्याने देतात ती बाईक, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात ती. फिटनेस तोपर्यंत संपलेलं. पावती तर झालीच, पण माणूस नीट बोलला, त्यांनीच सांगितलं की अपघात झाला असता तर इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले असते. या सगळ्या प्रकरणात सरकारी गणवेशातला हा एकच माणूस मला खरं बोलणारा भेटला.

घरी येऊन पार्किंगमध्ये बॅटरी धरून प्लेट बघितली. त्या स्क्रूजवळ नखाने कोपरा उचलला तर पांढरं रेडियम पापडासारखं सुटून आलं. खाली काळा रंग, आणि त्यावर पिवळा 'जी' अर्धा घासलेला. बाकीचं काढायची हिंमत झाली नाही, तसंच ठेवून फोटो काढले. तुम्ही पण असं काही सापडलं तर सोलत बसू नका, तोच पुरावा आहे.

गाळ्यावर गेलो. आवाज चढवला. तो शांत. "कन्व्हर्जन करून देतो ना, ट्रान्सपोर्टची प्रायव्हेट होते, रोज होतात, ९,८०० भरा." हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याचं आहे. कन्व्हर्जन होतं. पण त्यासाठी मूळ मालकाला परमिट, लायसन्सचं जे काय असेल ते सरेंडर करावं लागतं, थकलेला टॅक्स भरावा लागतो, चलानं मिटवावी लागतात आणि गाडी तपासणीला समोर न्यावी लागते. फायनान्स असेल तर बँकेचं ना-हरकत आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. ९,८०० पण दिले, कारण गाळ्यात त्याची चार माणसं उभी होती आणि मला वाटलं निदान गाडी तरी कायदेशीर होईल. दोन दिवसांनी फोन लागेना. मग गोव्याच्या ओळखीतून कळलं की गाडीवर अजून कर्ज आहे. म्हणजे जोपर्यंत तो भाड्याने देणारा मूळ मालक कर्ज फेडत नाही किंवा बँक ना-हरकत देत नाही तोपर्यंत एनओसी निघणारच नाही. मी कितीही पैसे भरले तरी नाही.

पोलीस चौकीत काय झालं ते ऐका. पहिलं वाक्य, "हे सिव्हिल मॅटर आहे." खोटी एनओसी, बदललेली नंबर प्लेट, पैसे घेतल्याचे यूपीआयचे पुरावे, आणि सिव्हिल मॅटर! फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये आहे, खोटे दस्तऐवज ३३६ मध्ये आहेत, हे मी वाचून गेलो होतो. त्यावर "तुम्ही वकील आहात का?" नंतर म्हणाले गाळा भिवंडीकडे आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर ते म्हणाले पैसे ठाण्यातून पाठवले, ठाण्यात जा. झिरो एफआयआर म्हणून एक गोष्ट आता कायद्यात लिहिलेली आहे, कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो, ती फक्त लिहिलेलीच आहे. शेवटी अर्ज घेतला. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी सांगितलं समोरासमोर व्यवहार झालाय, सायबरमध्ये बसत नाही. ज्याच्या त्याच्याकडे मला दुसरीकडे पाठवायला वेळ आहे. आणि मी पैसे गमावलेला माणूस, मलाच विचारतात की भाड्याची गाडी पांढऱ्या पाटीवर का चालवत होता!

आता जे कळलंय ते, जसं आठवेल तसं.

एनओसीचं पीडीएफ बघून खूश होऊ नका. एनओसी निघाली असेल तर ती वाहनच्या सिस्टीममध्ये दिसते. ती दिसेपर्यंत एक रुपया देऊ नका, टोकन सुद्धा नाही.

"बारा महिने तसंच चालवा, काही होत नाही" हे प्रत्येक डीलर सांगतो. बारा महिने ही मुदत बाहेरच्या राज्यातली गाडी इथे ठेवली तर नवीन नंबर घेण्याची आहे. मालकी ट्रान्सफर वेगळी, तिला विकत घेणाऱ्याला ३० दिवस असतात. हे दोन मुद्दाम एकत्र करून सांगतात.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन सर्टिफिकेट लागतं. ते मागा. माझ्या माणसाकडे नव्हतं, आणि हे मला आरटीओत पण कोणी सांगितलं नाही, ग्राहक मंचाच्या वकिलाने सांगितलं.

अॅपवर क्लास, फिटनेसची तारीख, फायनान्सरची ओळ, तीन गोष्टी. स्वतःच्या मोबाईलवर, चांगल्या नेटवर्कमध्ये. डीलरच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट धरू नका. इन्शुरन्सची पूर्ण पॉलिसी मागा, फक्त तारीख नको, ती प्रायव्हेट आहे की कमर्शियल ते बघा. चासी नंबर हँडलच्या नळीवर कोरलेला असतो, आरसीशी जुळवा. रोख देऊ नका, माझ्या ६०,००० चा कागदोपत्री पुरावा शून्य आहे. कोऱ्या फॉर्म २९, ३० वर (मालकी ट्रान्सफरचे) सही तर अजिबात नाही. प्लेट हाताने चाचपून बघा, आजच्या तारखेला हॉलोग्रामवाली एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) नसेल तर का नाही ते विचारा.

पुढचं सांगतो. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली आहे. ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते, ऑनलाइन होते. चौकीतला अर्ज अजून 'चौकशीत' आहे. वरिष्ठांना पोस्टाने पाठवलाय, पोचपावतीसह.

तो गाळा नवीन रंग मारून चालू आहे, बाहेर परवा पुन्हा दोन जीए पासिंगच्या गाड्या उभ्या होत्या, दोन्ही पांढऱ्या पाटीच्या. भिवंडी, कल्याण, ठाण्याच्या बाजूला कोणी गेल्या वर्ष-दीड वर्षात अशी गाडी घेतली असेल तर आज रात्रीच क्लास तपासा. भाड्याची निघाली तर वाट बघू नका, एजंटला आणखी पैसे देऊ नका, तुमच्या चौकीत लेखी तक्रार टाका आणि ग्राहक आयोगात पण टाका. दोघातिघांच्या तक्रारी एकाच माणसाविरुद्ध गेल्या तर त्यांना हे सिव्हिल मॅटर आहे म्हणून हाकलता येणार नाही.