पेट्रोलचा वास, आणि बिल पंप-टाकीचं

पेट्रोल पिकअपला वास येतो म्हणून टाकीतला पंप बदलला. वास वाढला म्हणून टाकी बदलली. मार्केट यार्डात भाजी वाहणाऱ्या एका गाडीमालकाला पुण्यातल्या एका गॅरेजने असं दोनदा कापलं. मूळ दोष टाकीतून कॅनिस्टरकडे (पेट्रोलची वाफ शोषून ठेवणारा कोळशाचा डबा) जाणाऱ्या रबरी नळीत होता, क्लिपेखाली चीर पडली होती. पंप काढला की त्याची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) नवीच टाकायची असते, कारण जुनी पेट्रोलने फुगते आणि परत नीट बसत नाही. गॅरेजने जुनीच दाबून बसवली आणि टाकीच्या माथ्यावर दुसरी गळती तयार झाली. स्वतः केलेला बिघाड दाखवून त्यांनी टाकी विकली. नळी तशीच राहिली!

गाडीखाली ओल किंवा थेंब दिसला, तर गाडी चालवू नका. सगळं कोरडं असून वास येत असेल, तर ती वाफेची गळती. टाकी भरल्यावर आणि उन्हात ती जास्त जाणवते. आधी टाकीचं झाकण पाहा: आतला रबर चिरला किंवा कडक झाला आहे का, फिरवल्यावर टकटक वाजतं का. मग भरणा-नळीचा रबरी जोड, मग कॅनिस्टरच्या नळ्या वाकवून पाहा. वाकवल्याशिवाय चीर दिसत नाही.

टाकी भरल्यावर इंजिन पटकन सुरू होत नसेल, तर पर्ज व्हॉल्व्हवर, म्हणजे कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर, संशय घ्या. वीज नसताना तो बंद असायला हवा. काढून फुंकलं आणि हवा पलीकडे गेली, तर तो गेला.

तरीही सापडलं नाही तर स्मोक टेस्ट, म्हणजे टाकी आणि नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं. दाब अर्ध्या पीएसआयच्या आसपासच हवा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत सोडणाऱ्याला तिथेच थांबवा. व्हॉल्व्ह आणि सील फुटतात, शिवाय आगीचा धोका असतो. धूर कुठून निघतो ते स्वतः उभं राहून पाहा.

गाडीला जोडायच्या स्कॅनरवर पी०४५५ हा कोड म्हणजे वाफेची मोठी गळती, पी०४४२ म्हणजे छोटी. कोणता पार्ट गेला, हे कोड सांगत नाही. नुसता कोड पुसून 'झालं काम' म्हणणारे बरेच आहेत. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा काही दिवसांनी परत लागतो. डिझेल पिकअपला तर ही वाफेची यंत्रणाच नसते, त्यामुळे तिच्या बिलात 'कॅनिस्टर सफाई' दिसली तर सरळ नकार द्या.

नळी बदलताना पेट्रोलसाठीचीच घ्या, पाण्याची नळी काही महिन्यांत फुगून सुटते. पेट्रोल पंपावर ऑटो कट झाल्यावर (नोझल आपोआप बंद झाल्यावर) राउंड फिगरसाठी आणखी भरून घेऊ नका. वाफेऐवजी द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरलं की आतला कोळसा निकामी होतो.

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्या. नंतर पार्ट नंबर असलेलं पक्कं बिल आणि काढलेले जुने पार्ट मागून घ्या. द्यायला नकार मिळाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.