चिंतेवर उपाय: भरभर चालणं की वजनं उचलणं?

चिंता वाढली की छाती धडधडते, श्वास फुलतो, घाम येतो. भरभर चालताना किंवा धावतानाही हेच होतं, पण वाईट काही घडत नाही. पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर धडधड म्हणजे धोका नव्हे, हे मनाला पटू लागतं. पॅनिक अटॅकची धास्ती असलेल्यांसाठी मला हा फायदा फार मोलाचा वाटतो. सुरुवात मात्र हळूहळू करावी.

वजनं उचलण्यानेही चिंता कमी होते. लक्ष मोजणीत आणि पकडीत गुंततं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान 2 दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. एकच जमणार असेल, तर मी चालणं निवडेन. चालू औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.