पावसाळाभर एकच ट्यूब: पेन्स ग्रे

जूनमध्ये पेन्स ग्रे या निळसर-करड्या जलरंगाची 5 मिलीची ट्यूब घेतली आणि पावसाळाभर दुसऱ्या रंगाला हात लावायचा नाही असं ठरवलं. विषयही एकच, सिंहगडावरून दिसणारे राजगड-तोरणा. ऑक्टोबर संपला, ट्यूब अजून संपलेली नाही.

अठराव्या शतकातल्या विल्यम पेन या इंग्रज जलरंगकाराच्या नावाचा हा रंग. माझ्या ट्यूबमध्ये अल्ट्रामरीन आणि काळा यांचं मिश्रण आहे, म्हणून दाट लावला की जवळपास काळा आणि पाणी वाढवलं की निळसर. पाऊस उघडल्यावर लांबचे डोंगर अगदी असेच दिसतात.

सुरुवातीला मी सगळी मेहनत डोंगराच्या वरच्या कडेवर घ्यायचे. चित्र सपाटच राहायचं. खोली येते ती डोंगराच्या पायथ्याशी, हे कळायला जुलै उजाडला. आता कड ओढली की लगेच स्वच्छ पाण्याचा ब्रश खालच्या बाजूने फिरवते. रंग उतरत उतरत विरून जातो आणि दरीत धुकं भरतं. पुढची रांग त्यावर, थोडी गडद. मात्र आधीचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पूर्ण वाळू द्यायचा. कागद डोळ्यांसमोर तिरका धरून बघते. चमक जात असताना घाई केली तर पाणी मागे सरकून फुलकोबीसारखे डाग पडतात. दमट जुलैत एकेका वॉशला अर्धा तास थांबावं लागलं, पण तेवढ्या वेळात कडा जितक्या मऊ करता आल्या तितक्या ऑक्टोबरच्या उन्हात जमल्या नाहीत.

तक्रारी दोन. वाळल्यावर हा रंग बराच फिकट होतो. तोरण्याची मागची रांग दोनदा अक्षरशः नाहीशी झाली. तेव्हापासून त्याच कागदाच्या पट्टीवर छटा लावून, वाळवून बघते. दुसरं, अग्रभागातल्या झाडीवर तीन-चार थर दिले की काळेपणा मरतो, काजळी फासल्यासारखं दिसतं. तिथे एकदाच, दाट, आणि ब्रश उचलायचा.

कागदाबद्दल सांगायलाच हवं. पहिले दोन महिने साध्या 200 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या) पॅडवर गेले. तो फुगायचा आणि पाणी खळग्यात साचायचं. ऑगस्टपासून 300 जीएसएमचा पूर्ण कॉटन कागद घेतला आणि त्याच रंगात, त्याच ब्रशने धुकं जमायला लागलं. महाग आहे, पण मी आता एका तावाचे चार तुकडे करते. काटकसर करायची तर आकारात करा.

ट्यूब संपली की पुन्हा हीच घेणार, 10 मिलीची.